सिमेंटमधले खळगे

लॉईडने मोहने गावाच्या पुढे, उल्हास नदीच्या काठाला डुकरांची ती शेड भाड्याने घेतली तेव्हा त्याच्या बायकोला, बियांकाला, दिवस गेलेले होते. तिला वास सोसत नसे, म्हणून ती तिकडे कधी फिरकली नाही. पहिल्यांदा गेली ती मार्चमध्ये, बाळ गेल्यानंतर.

डुकरं पाळणं हा लॉईडच्या घरातला जुना धंदा. त्याच्या वडिलांचं, इनासचं, कळव्याला घरामागे मोठं आवार होतं. दोन चिंचा, चिखलाचा एक खड्डा आणि नारळाच्या झापांनी शाकारलेली खोपटी. डुकरं तिथे मोकळी फिरायची. मग चहूबाजूंनी इमारती उठल्या, वासाच्या तक्रारी सुरू झाल्या आणि शेवटी रस्ता रुंद करताना ते आवारच गेलं. इनास थकला होता. तो म्हणाला, पुरे झालं आता. पण लॉईडला दुसरं काही करावंसं वाटेना. त्याने ही बंद पडलेली शेड शोधून काढली, आधीच्या मालकाने बसवलेल्या लोखंडी पिंजऱ्यांसकट घेतली, आणि जवळ पडावं म्हणून नवराबायकोने शहाडला भाड्याने फ्लॅट घेतला.

जानेवारीत बियांकाचे दिवस भरले. मुलगी झाली आणि रडली नाही. नाळेचा काही गुंता झाला होता, कोणाची चूक नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. बियांकाला त्याच दिवशी सणकून ताप भरला, त्यामुळे लॉईड आणि इनास दोघांनीच मुलीला कळव्याच्या सिमेट्रीत नेलं. बियांकाने तिचं तोंडही पाहिलं नाही. ती घरी आली तेव्हा पाळणा गेला होता, बाटल्या गेल्या होत्या. सासूने, डोरोथीने, बाळासाठी शिवलेल्या वाकळी एका सुटकेसमध्ये घालून कपाटावर सरकवल्या होत्या. त्या दिवसाबद्दल घरात कोणी बोलत नव्हतं. लॉईड तर अजिबातच नाही.

ठाण्याच्या दाताच्या दवाखान्यातल्या नोकरीवर ती परत गेली नाही. तिथे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे हळू आवाजात बोलले असते. एका सकाळी लॉईड निघताना ती म्हणाली, "मी पण येते शेडवर."

"तिथे काय करणार तू?"

"इथे काय करते?"

त्याने दुसरं हेल्मेट काढून, फडक्याने पुसून तिच्या हातात दिलं.

शेड लांबलचक होती. वर पत्रे, मधून चालायची वाट, दोन्हीकडे कप्पे. अगदी टोकाला व्यायला आलेल्या डुकरिणींचे पिंजरे. पिंजरा म्हणजे पाइपांची चौकट, जनावराच्या अंगाएवढीच. आत डुकरीण उभी राहू शके, आडवी होऊ शके. वळायचं मात्र तिला जमत नसे. पाइपांच्या बाहेर दोन्ही अंगांना पिल्लांपुरती जागा आणि वर ऊब द्यायला बल्ब.

"एवढ्याशा जागेत?" बियांकाने विचारलं.

"अगं, ती दोनशे किलोची. पिल्लू माझ्या तळव्यात मावतं. ती धपकन बसली की संपलं. पाइप असले की तिला हळूहळू टेकावं लागतं, तेवढ्यात पिल्लू सटकतं." त्याने पाइपावर हात ठेवला. "कळव्याला सकाळी शाळेत जायच्या आधी पप्पा मला बादली द्यायचे. रात्रीत चिरडलेली पिल्लं असायची त्यात. ती मी खाडीकडे नेऊन टाकायचो. मला ती बादली परत नको बघायला."

बियांका रमली असं नाही म्हणता येणार, पण तिचे हात कामाला लागले. ती गव्हाणी धुवायची, खाणं कालवायची, औषधं द्यायची. कामाला भिवा आणि त्याची बायको जाईबाई होती. दोघं आधीच्या मालकाच्या वेळेपासून शेडमागच्या खोलीत राहत. जाईबाई हाताला चलाख होती, पण भिंतीलगतच्या शेवटच्या पिंजऱ्यापाशी तिचा झाडू थांबे. तिथलं भिवा धुवायचा. बियांकाच्या ते लक्षात आलं, तिने विचारलं.

"तिथे लागतं, वहिनी," जाईबाई म्हणाली.

"काय लागतं?"

"आधीच्या शेटची डुकरीण तिथे गेली. पिल्लू अडलेलं. शेट गावाला, इथे कोणाला काय समजंना. वळायला बघायची, वळता यायचं नाही. तशीच गेली. तेव्हापासून त्या पिंजऱ्यात आई पिल्लांची आई राहत नाही. खाते त्यांना. आणि पिंजरा रिकामा असला ना, तरी आतून उकरल्याचा आवाज येतो."

"तू ऐकलायस?"

"मी कशाला खोटं बोलू?"

लॉईडला सांगितलं तर तो म्हणाला, उंदीर असतील. बियांकाने विषय सोडून दिला.

एप्रिलमधली एक दुपार. लॉईड कल्याणला गेला होता, भिवा नदीवर, जाईबाई आंब्याखाली आडवी झालेली. पत्रे तापून कडकड वाजत होते आणि डुकरं उन्हाने निपचित पडलेली. बियांका औषधाच्या बाटल्या पुसत बसली होती, आणि तिला आवाज ऐकू आला. खर्र. खर्र. मग काहीच नाही. मग परत खर्र. उंदराचा नव्हता तो. उंदीर घाईत असतो. हा आवाज दमलेला होता, थांबून थांबून पुन्हा सुरू होणारा, काम अर्धं राहिलंय म्हणून उठणाऱ्या बाईसारखा.

ती उठून टोकापर्यंत गेली. शेवटचा पिंजरा रिकामा होता. भिवाने सकाळी धुतलेला, कोरडा. ती आल्याबरोबर आवाज थांबला.

परत फिरावं असं तिला वाटलं, पण ती फिरली नाही. मागचं दार उघडून, वाकून ती आत शिरली आणि बसली. दोन्ही खांद्यांना पाइप लागले. समोर गव्हाण, तिच्या खाली सिमेंट, आणि त्या सिमेंटमध्ये शेजारी शेजारी दोन खळगे. गुळगुळीत. झिजून झिजून झालेले. तिने दोन्ही हात पुढे केले, तेव्हा तळवे त्यात बरोबर बसले.

मग तिने बाकीचे पिंजरे पाहिले. खळगे सगळ्यांत होते, उथळ. पुढच्या पायांच्या खुरांनी, एकीमागून एकीने, वर्षानुवर्षं तीच जागा उकरली होती. सिमेंटमध्ये त्या काय शोधत होत्या ते तिला कळेना. तिने कोणाला काही सांगितलं नाही.

मेअखेर भुरीची वेळ आली. भुरी इनासच्या हातची डुकरीण, कळव्याहून टेम्पोत आलेली. तांबूस अंगाची, एक कान फाटलेला, हाक मारली की मान वळवणारी. बाकीचे पिंजरे भरलेले होते म्हणून लॉईडने तिला शेवटच्या पिंजऱ्यात घातलं. जाईबाई भिवाला काहीतरी पुटपुटली, भिवाने ते लॉईडला सांगितलं, आणि लॉईड म्हणाला, "असं काही नसतं रे."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून भुरी उभी राहिली ती बसेना. पुढच्या पायाने उकरायला लागली. डावा पाय, उजवा पाय, तेच ते खळगे. मग मान लांब करायची, तोंड उघडायची, हवेत काहीतरी धरल्यासारखं मिटायची, आणि मान खाली आणून ते नसलेलं काहीतरी पायाशी ठेवायची. नाकाने सारखं करायची. पुन्हा उकरायची. मागे वळून बघायचा प्रयत्न करायची, पाइपाला गाल घासला जायचा. दुपारपर्यंत तिने पाइप चावायला सुरुवात केली. तोंडाला फेस आला, खुराशी रक्त दिसायला लागलं.

बियांका समोर बसून होती. बराच वेळ पाहिल्यावर तिला एकदम कळलं.

"ती अंथरूण घालतेय," ती लॉईडला म्हणाली. "बघ ना. गवत उचलतेय, आणून ठेवतेय. फक्त गवत नाहीये. थोडा पेंढा टाकू या आत."

"मागच्या अर्ध्यात खाली जाळी आहे गं. पेंढा अडकला की नाली तुंबते, सगळी घाण वर येते. पिल्लांना जुलाब लागले तर एक उरणार नाही." तो तिच्याइतकाच कासावीस झाला होता. तो खाली बसून भुरीच्या फाटक्या कानामागे खाजवत राहिला, पण तिला तो दिसतच नव्हता.

संध्याकाळी पहिलं पिल्लू झालं. भुरी दचकून उठली. मागे काहीतरी पडलंय, हलतंय, आणि ते काय आहे हे तिला बघता येत नव्हतं. पिल्लू धडपडत पाइपाखालून पुढे तिच्या तोंडाशी आलं. भुरीने भुंकल्यासारखा आवाज काढला आणि त्याला धरलं. लॉईडने ओढून काढलं तेव्हा उशीर झाला होता. दुसऱ्याचंही तेच. मग मात्र तो मागेच बसला, एकेक पिल्लू बाहेर येताच उचलून टबात ठेवत गेला. हातावर आधीच तिचे दात उमटले होते, तरी उठला नाही. सगळी पिल्लं झाल्यावर भुरी कोसळल्यासारखी आडवी झाली. टबातली पिल्लं भीत भीत तिच्या पोटाशी लावली, तेव्हा तिने त्यांना पिऊ दिलं. दोन तासांपूर्वीची ती कोणी वेगळीच होती.

जाईबाई दाराशी उभी होती. तिने पदर तोंडाला लावला आणि ती निघून गेली.

"पिल्लं मोठी झाली की हिला खाटकाला देऊन टाकू," लॉईड हात धुताना म्हणाला. "पप्पांना सांगू नको."

त्यानंतर तो आवाज शहाडच्या फ्लॅटमध्ये आला. दुपारी बियांका पडली असली, डोळा लागायच्या बेतात असला, की खर्र. खर्र. आधी तिला वाटलं वरच्या मजल्यावर काही सरकवतायत. मग वाटलं, ते शेडमधलंच काहीतरी मागून आलं. एकदा ती तो ऐकता ऐकता पूर्ण जागी झाली आणि तिने पाहिलं की तिचाच हात गादीवर उकरत होता. चादर बाजूला सरली होती आणि नखं खालच्या रेक्झिनवर ओढली जात होती.

ती तशीच पडून राहिली. तिला वॉर्ड आठवला. पोटावर बाळाचे ठोके मोजायचा पट्टा बांधलेला, हातात सलाईन. तिला उठायचं होतं. का ते सांगता येत नव्हतं, पण उठायचं होतं, चालायचं होतं, भिंतीला धरून वाकायचं होतं, काहीतरी आवरायचं होतं. नर्स म्हणत होती, सरळ पडून राहा, हलू नका, पट्टा सरकतो. रागाने नव्हती म्हणत. बियांका सरळ पडून राहिली. तिचे हात मात्र बिछान्याच्या कडेला काहीतरी शोधत राहिले. हे तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काय होतं?

भुरीचं इनासला कळलंच. भिवाकडून कळलं असावं. रविवारी चर्चमधली मिस झाल्यावर तो कळव्याहून आला, स्टेशनवरून रिक्षाने, पांढरा शर्ट घालून. भुरी पिल्लांना पाजत पडली होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग शेजारच्या, आता रिकाम्या झालेल्या पिंजऱ्यातल्या खळग्यांवर काठी टेकवली.

"हे कोनी केलं?"

"त्यांनीच, पप्पा," बियांका म्हणाली. "बिछाना घालायला."

इनास उलट्या बादलीवर बसला. "ही भुरी, बाय, कळव्याला व्यायला आली की कोनाची राहत नव्हती. सगल्या आवारात फिरायची तोंडात झाप धरून. पेंढा, पाला, पोती. एकदा डोरोथीचा झगा वालत होता, तो नेला दोरीवरून. डोरोथी मागे, ही पुढे. मन भरंपर्यंत आनायची. मन भरलं की अशी गप पडायची, पिल्लं झालेली आमाला सकाली समजायचं."

"आणि बादली, पप्पा?" लॉईड दारातून म्हणाला.

इनासने मान खाली घातली. "हां. बादली पन होती. तुझ्या हातात द्यायला नको होती मी."

पिल्लांचा चुपचुप आवाज तेवढा येत होता.

"तिला देऊ नको खाटकाला," बियांका म्हणाली. "अजून एकदा बघू. पण वळायला जागा देऊन."

लॉईडने लगेच हो म्हटलं नाही. त्याने डुकरांच्या डॉक्टर निशा मॅडमना फोन लावला आणि बराच वेळ वाटेवर फेऱ्या मारत बोलत राहिला. त्या म्हणाल्या, यात भूतबीत काही नाही. व्यायच्या आधी घर करायची ओढ डुकरिणींच्या रक्तातच असते, जागा आणि पेंढा मिळाला की त्या निवतात. मात्र मोकळं ठेवलं तर पहिल्या दोनतीन दिवसांत पिल्लं दबण्याची भीती राहते, कोणीतरी लक्ष ठेवावं लागेल. भिंतीपासून वीतभर सोडून खाली पाइप लावा, पिल्लांना मागे सरकायला जागा मिळेल.

पावसाळ्यात शहाडचा एक फॅब्रिकेटर येऊन शेवटचे दोन पिंजरे कापून गेला. मधले पाइप काढून एक मोठा कप्पा झाला. नालीवर फळ्या टाकल्या. खळगे भरून काढायला भिवाने सिमेंट कालवलं. तो थापी फिरवत असताना जाईबाई पहिल्यांदाच त्या कोपऱ्यापर्यंत आली आणि लांबून पाहत राहिली.

"आता नाही यायचा आवाज," बियांका तिला म्हणाली.

"भरलंय ते त्या गेलेलीला कुठे ठाऊक?" जाईबाई म्हणाली आणि परत फिरली.

त्या पावसात बियांका रोज दुपारी त्या कप्प्याच्या कठड्याशी थांबायची. कधी काही ऐकू यायचं नाही. कधी पत्र्यावरच्या पावसामागे काहीतरी आहे असं वाटायचं, आणि पाऊस थांबला की तेही थांबायचं.

ऑक्टोबरात टिटवाळ्याच्या बाजूची भातं कापली गेली तेव्हा लॉईडने नवा पेंढा आणला. भुरीला त्या कप्प्यात सोडलं. तिने आधी भिंतीभिंतीने फिरून सगळं हुंगलं. वेळ जवळ आली त्या सकाळी तिने कामाला सुरुवात केली. पेंढ्याची जुडी तोंडात धरायची, कोपऱ्यात नेऊन टाकायची, नाकाने ढकलायची, पायाने खाली दाबायची, मागे सरून बघायची. आवडलं नाही की मोडायची. बियांका आणि लॉईड कठड्यावर हात टेकून उभे राहिले. भिवाने पोती टाकली, ती तिने नेली. तरीही तिचं मन भरेना. कठड्यापाशी येऊन तिने बियांकाची ओढणी हुंगली, ओढून पाहिली.

बियांका दुपारी घरी गेली आणि जुन्या चादरी घेऊन आली. चादरींबरोबर तिने कपाटावरच्या सुटकेसमधून एक वाकळ आणली होती. ती का काढली हे तिला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. डोरोथीच्या जुन्या लुगड्यांची, लाल आणि पिवळी, कडेला बारीक धावदोरा. लॉईडने वाकळ ओळखली. बियांकाने ती कठड्यावरून आत धरली. भुरीने ती तिच्या हातातून अगदी हलकेच घेतली, कोपऱ्यात नेली, पसरली, पुन्हा गोळा केली, आणि त्यावर पेंढा ओढून घेतला. मग एक लांब श्वास सोडून ती आडवी झाली.

संध्याकाळी पिल्लं होऊ लागली. भुरी उठली नाही. एकेक पिल्लू धडपडत तिच्या तोंडाशी आलं की ती नाकाला नाक लावायची आणि हळू घुमल्यासारखा आवाज काढायची. एकालाही तिने दात लावला नाही. लॉईड कठड्याला पाठ टेकून जमिनीवर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. जाईबाई आली होती. ती आत वाकून पाहत होती, आणि यावेळी निघून गेली नाही.

दुसऱ्या दिवशी एक पिल्लू भुरीच्या मांडीखाली सापडलं आणि जोरात किंचाळलं, तशी ती ताडकन उठली. पिल्लू सुटलं. "बघितलंस?" लॉईड म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं. किती महिन्यांनी तो हसत होता.

त्याच्या पुढच्या सकाळी बियांका कठड्याशी एकटी होती. भुरी खाऊन परतली, गुडघे टेकले, आडवी झाली. पिल्लं बाजूला सरकली. बियांकाने सवयीने मोजली तर एक कमी. तिने पेंढ्यात पाहिलं. मग तिला एक बारीक, दबलेला आवाज आला, जाड कापडामागून यावा तसा. ती कठड्यावरून आत उडी मारून भुरीच्या पाठीला दोन्ही हातांनी ढकलू लागली. भुरी उठली, पण वेळ गेली होती. पिल्लू उबेसाठी वाकळीच्या घडीत शिरलं होतं. भुरीला ते दिसलं नाही, आणि ते ओरडलं तेही तिच्यापर्यंत पोचलं नाही.

लॉईड धावत आला तेव्हा बियांका पेंढ्यात बसली होती आणि मांडीवर वाकळ होती. तिच्या मांडीकडे पाहूनच त्याला समजलं.

"मी दिलेली ती," बियांका म्हणाली. "मीच दिली."

"तू तिला पाहिजे होतं ते दिलंस."

"पोतं असतं तर ओरडणं ऐकू आलं असतं."

तो खोटं बोलला नाही. "आलं असतं कदाचित," तो म्हणाला. "नसतं पण आलं. मला नाही माहीत, बियांका."

मेलेली पिल्लं भिवा एका खड्ड्यात चुना टाकून पुरायचा. हे पिल्लू बियांकाने दिलं नाही. तिने ते त्याच वाकळीत गुंडाळलं आणि ती नदीकडे चालू लागली. लॉईड फावडं घेऊन मागोमाग गेला. काठावर एक जांभूळ होतं. त्याच्या मुळाशी त्याने खणलं. खाली पाणी शांतपणे वाहत होतं, पलीकडे पुलावरून गाडी गेली. बियांका गुंडाळी धरून उभी होती.

"तिला कोणी धरलेलं?" तिने विचारलं.

लॉईडचं फावडं थांबलं. कोणाबद्दल ते त्याला विचारावं लागलं नाही.

"मी. पप्पा म्हणाले मी घेतो, तर मी नाही दिलं. रिक्षात माझ्याच मांडीवर होती."

"कशात गुंडाळलेली?"

"मम्मीची निळी वाकळ."

"कशी होती?"

तो खाली खड्ड्यात बघत राहिला. मग एकदम सगळं बोलून गेला, जणू इतके महिने कोणी विचारायचीच वाट पाहत होता. केस खूप होते, ओले, काळेभोर. वरचा ओठ तुझ्यासारखा. एक डोळा जरासा उघडा राहिलेला, तो मी मिटायला बघितला तर मिटेना. मुठी घट्ट मिटलेल्या. पप्पांनी त्यात छोटा क्रूस ठेवायचा म्हटलं तर मूठ उघडेना, मग वाकळीतच खोचला. नखं वाढलेली. गालावर एक बारीक ओरखडा होता, इथे. नर्सला विचारलं तर म्हणाली, होतं असं, पोटातच स्वतःचं नख लागतं.

बियांकाने डोळे मिटले. तिच्या मुलीनेही आत काहीतरी उकरलं होतं. ते कसलं, हे आता कधीच कळायचं नव्हतं. तिला रडू आलं तेव्हा ते बारीक नव्हतं. लॉईडने फावडं टाकून दिलं. बराच वेळ ती दोघं तिथेच मातीत बसली. मग तिने गुंडाळी स्वतःच्या हाताने खड्ड्यात ठेवली आणि माती लोटली.

परत आल्यावर तिने कप्प्यातल्या चादरी काढून घेतल्या आणि नुसता पेंढा ठेवला, आखूड कापलेला. पहिल्या आठवड्यात ती आणि जाईबाई आळीपाळीने कठड्याशी बसल्या. बाकीची पिल्लं जगली. लॉईडने अजून एक पिंजरा कापायला सांगितला. सगळे कापायचे की नाहीत, ते त्याचं अजून ठरत नव्हतं. रिकाम्या पिंजऱ्यांकडे दुपारी जायला बियांकाला अजूनही धीर गोळा करावा लागे, आणि जाईबाई म्हणायची, जाऊच नका, वहिनी.

त्या महिन्यातच एका रविवारी ती लॉईडबरोबर कळव्याच्या सिमेट्रीत गेली. मिस नुकतीच संपली होती. भिंतीकडच्या कोपऱ्यात लहान मुलांच्या जागा होत्या, काहींवर क्रूस, काहींवर नुसती विटांची चौकट. लॉईड वाट दाखवत पुढे गेला आणि थबकला. तिथे आधीच कोणीतरी बसलं होतं. डोरोथी होती, चर्चची साडी नेसलेली, चपला बाजूला काढून ठेवलेल्या, हातात विझलेली मेणबत्ती.

तिने वर पाहिलं. ती गोंधळली, उठायला लागली.

"मी दर रविवारी येते गं," ती म्हणाली. "तुला कसं सांगू ते कळत नव्हतं."

"बसा, मम्मी," बियांका म्हणाली.

डोरोथी पुन्हा खाली बसली. विटांची चौकट अरुंद होती, बाजूला दुसऱ्या कोणाच्या मुलाची जागा. तिने पाय आखडून घेतले, साडीचा घोळ गोळा केला आणि थोडी सरकून बियांकाला जागा करून दिली.